चौदा डिसेंबरचा सूर्य

रविवार, १४ डिसेंबर

वाघ झोपला होता. तोही आमच्याकडे पाठ करून. त्या पाठीपायी मी आजचा सूर्य घालवला!

आत्या आणि तिची तीन पोरं काल भंडाऱ्याहून आली. बाबांना आज भोसरीच्या कारखान्यात जादा पाळी. मग पाहुण्यांना कात्रजचं प्राणीसंग्रहालय कोण दाखवणार? मी. “तुले तर सुट्टीच हाये आज,” — आई. आईला दहा वेळा सांगितलंय की मला रविवारीही कॉलेजात जावं लागतं. गच्चीवर. दुर्बिणीतून सूर्याचं चित्र काढायला. ती म्हणते, “सूर्य का पळून जाते वं? उद्या काढजो.”

तिथेच तर घोळ आहे. उद्या निघतो तो उद्याचा सूर्य. एक नोव्हेंबरपासून रोज एक चित्र, सलग नव्वद दिवस — हा माझा तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प. ‘सूर्यावरील लहान डागांचे आयुष्य’. काही डाग महिनाभर टिकतात, काही सकाळी उगवतात आणि संध्याकाळपर्यंत मरतात. मला ते बारके हवेत. एक दिवस चुकला की कोण कधी जन्मलं, कधी गेलं, काही सांगता येत नाही. आज चव्वेचाळिसावा दिवस होता.

बेत सोपा होता. दहाला कात्रज, बाराला बाहेर, एकपर्यंत कॉलेज. दुपारी अडीचनंतर शेजारच्या नव्या इमारतीची सावली आमच्या गच्चीवर येते, तोवर चालतं. प्रत्यक्षात — सर्पोद्यानात धाकटा रडला, आत्याच्या चपलेचा अंगठा तुटला, मधला हरवला. मधला माकडांपाशी सापडला. खुशीत होता. स्वारगेटला उतरलो तेव्हा चार वाजून गेले होते.

दिवसभर धाकधूक वेगळीच. आमच्या प्रयोगशाळेतल्या, सूर्याची वही सांभाळणाऱ्या संपतमामांचं आंबेगाव तिथून जवळ. रविवारी दूध आणायला कात्रजला येतात, त्यांनीच सांगितलं होतं. प्रत्येक टोपीवाला मला मामाच वाटत होता. कोणी भेटलं नाही. सुटले.

वहीत आजचं पान कोरं आहे. उद्या बघू.

सोमवार, १५ डिसेंबर

झालं. केलं. लिहून टाकते.

आधी आजचं चित्र काढलं. ते खरं. तीन इंची दुर्बीण सूर्याकडे वळवायची, डोळा लावायचा नाही — कधीच नाही! — मागे पांढऱ्या कागदावर सूर्याची गोल प्रतिमा पडते. कागदावर तेवढंच वर्तुळ आधीच छापलेलं. प्रतिमा वर्तुळात बसवायची आणि डाग दिसेल तिथे पेन्सिलनं टिपायचा. ऐकायला सोपं. वाऱ्यानं कागद थरथरतो, सूर्य सरकत राहतो, आपण दुर्बीण मागे मागे ढकलायची. पाऊण तास जातो. खाली वेळ, हवा कशी, आणि निरीक्षकाचं अक्षर. मी ‘दी.’ लिहिते. दीपमालाचं दी. मग कागद वहीत चिकटवायचा.

मग मामा चहा आणायला खाली गेले. मी शनिवारचं चित्र आणि आजचं शेजारी ठेवलं. सूर्य स्वतःभोवती फिरतो, डाग त्याच्याबरोबर रोज साधारण तेवढेच सरकतात. शनिवारी इथे, सोमवारी तिथे — म्हणजे रविवारी मध्ये! पट्टीनं मोजलं. दोन मोठे गट, तीन सुटे डाग, टेबलावर बसून सावकाश काढले. वेळ ११.१०. हवा चांगली. दी.

सात मिनिटं लागली.

आणि काही वाटलंच नाही. कसं वाटणार? पहिल्या वर्षापासून हेच करतोय. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाकर्षणाचं उत्तर नऊशे ऐंशीच्या आसपास यायला हवं, मग नऊशे ऐंशीवरून उलटं येत रीडिंग बसवायची. ‘रीडिंग बसवणं’ हा आमच्याकडे रोजचा शब्द आहे. मुलं बसवतात, सर पान उलटतात, सही करतात, जर्नल पूर्ण. नऊशे ऐंशीचं त्यात काय बिघडतं? ते होतंच तिथे. तसाच रविवारचा सूर्यही होताच.

मामा वर आले तेव्हा वही मिटलेली होती. सुटले!

मंगळवार, १६ डिसेंबर

मामांनी वही चाळली. रविवारच्या पानावर थांबले. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

“रईवारी हवा चांगली व्हती व्हय?”

“हो मामा.”

“हां. व्हती खरी.”

पान उलटलं. सुटले.

शनिवार, २० डिसेंबर

आज पकडलेच गेले होते.

सुहासिनी मॅडम माझ्या मार्गदर्शक. कमी बोलतात, आणि जे बोलतात ते घरी जाऊन धुवावं लागतं. आज वही मागवली. फेब्रुवारीत विद्यार्थ्यांचं संमेलन आहे, तिथे माझं पोस्टर लागणार, त्यासाठी एक चित्र निवडायचं होतं. पानं उलटता उलटता थांबल्या. कुठे थांबल्या असतील? चौदा डिसेंबर!

“हे कुणी काढलं?”

“मी.”

“बाकीची चित्रं पाहून वाटतं, तू धावत्या रिक्षात काढतेस. हे एवढं सुबक? त्या दिवशी सूर्य पोज देऊन बसला होता की काय?”

माझ्या कानांतून वाफ. कोपऱ्यात मामा भिंग पुसत होते, ते पुसतच राहिले. मॅडम म्हणाल्या, “छान. हेच पोस्टरवर घेऊ.”

म्हणजे ती तारीफ होती! खाली जाऊन दोन वडापाव खाल्ले. सुटले, परत एकदा सुटले. पण जे खरं बघून काढलं ते रिक्षातलं, आणि जे बघितलंच नाही ते सुबक — याचं हसू येत होतं आणि नव्हतंही येत.

सोमवार, २२ डिसेंबर

आत्या गेली. जाताना आईला म्हणाली, “पोरगी उन्हानं काळी पडून राहिली. ताऱ्यांचं शिकते ना, मंग रातीचं शिकावं!”

खगोलशास्त्र म्हटलं की सगळ्यांना रात्र आठवते. मला ऊन आठवतं. विश्रांतवाडीहून दोन बस बदलायच्या आणि भर उन्हात गच्चीवर उभं राहायचं. नाकाचा शेंडा खरंच काळा झालाय.

आई म्हणाली, “जाऊ द्या ना बाई. आमच्या सात पिढ्या उन्हातच होत्या, हिले निदान मार्कं तं भेटतील.”

गुरुवार, २५ डिसेंबर

आज एक काम केलं जे मामांच्या नियमात बसत नाही. नियम असा : चित्र झाल्याशिवाय मोबाइलवरचा सूर्य बघायचा नाही. उपग्रह रोज सूर्याचे फोटो काढतात, सगळे इंटरनेटवर असतात. पण आधी ते बघितले की मग डोळा तेच शोधत बसतो. “आपून काय दिसलं ते काढायचं. त्यास्नी काय दिसलं ते त्यांच्यापाशी.” सदतीस वर्षं एकच दुर्बीण, एकच वर्तुळ, एकच पद्धत. एकोणीस वह्या. म्हणून या वह्यांना किंमत आहे.

चौदा तारखेचा फोटो उघडायला दहा दिवस हिंमत होत नव्हती. आज नाश्ता झाल्यावर, गच्चीवर जायच्या आधीच, उघडलाच. सकाळी साडेपाचचा फोटो. दोन मोठे गट. तीन सुटे डाग. मोबाइलमध्ये माझ्या चित्राचा फोटो होता, त्यावर ठेवला तर डागावर डाग!

बरोबर आलं! मोठ्यानं ओरडले. आई स्वयंपाकघरातून — “का झालं वं? लागली का नोकरी?”

मग इतकं मोकळं वाटलं की दुपारी गच्चीवरून आल्यावर शेजारच्यांच्या मुलीला गणित शिकवलं, फुकट. खोटं कुठे आहे? काहीच खोटं नाही.

फक्त ‘वेळ ११.१०’ खोटी आहे. आणि ‘हवा चांगली’. आणि ‘दी.’

जाऊ दे.

शुक्रवार, २ जानेवारी

मोठी बातमी. मामा महिनाअखेरीला निवृत्त होतायत. माहीत होतं, पण तारीख कळली की वेगळं वाटतं. ३१ जानेवारी.

ही वही १९८८ साली बद्रीनाथ सरांनी सुरू केली. सर आता नाहीत. मामा नव्वद साली शिपाई म्हणून लागले, सरांनी त्यांना वर नेलं, दुर्बीण दाखवली आणि हातात पेन्सिल दिली. मामा दहावी नापास. पण हात असा की बाहेरचे लोक त्यांची चित्रं बघायला येतात. पहिल्या वहीचा पुठ्ठाच पुढच्या प्रत्येक वहीला चढतो, त्याच्या आत वही सांभाळणाऱ्यांची नावं आहेत. सदतीस-अडतीस वर्षांत फक्त दोन. बद्रीनाथ सर. त्याखाली, जरा तिरकं, संपत.

आज मॅडम म्हणाल्या, “चौथ्या वर्षाला तू इथेच आहेस ना? मग वही तू घे. संपतरावांचं तेच म्हणणं आहे. पगार नाही, आभार नाहीत, रविवार नाही. विचार करून सांग.”

विचार कसला! मला हवी आहे. आयुष्यात इतकं काही हवंसं वाटलं नव्हतं. आमच्या घरात कोणाचं नाव कुठल्या पुठ्ठ्यावर लागलेलं नाही. तिसरं नाव माझं!

“पोरीनं एक दिस चुकवला न्हाई,” मामा मॅडमना म्हणाले. माझ्याकडे बघत. मी दुर्बिणीचा स्क्रू आवळत बसले. तो आवळलेलाच होता.

रविवार, ११ जानेवारी

आज एकटीच गच्चीवर. वॉचमनकडून किल्ली घेतली, साडेदहाला चित्र पूर्ण. चार डाग, बाकी चेहरा स्वच्छ. डबा खाल्ला. बस उशिरा होती म्हणून दोनला सहज पुन्हा प्रतिमा पाडली.

मध्याच्या जरा खाली एक टिंब! साडेदहाला नव्हतं. मी कागद झटकला — कधी कधी धूळ असते. गेलं नाही. कागद सरकवला तरी ते सूर्याबरोबरच. पेन्सिलच्या टोकाएवढं. म्हणजे खऱ्यात आपल्या महाराष्ट्राहून मोठं असेल. जन्मून चार तासही झाले नव्हते आणि ते बघणारी बहुधा या शहरात मी एकटी. एवढा आनंद झाला! टाळी वाजवली. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाई चमकून बघायला लागल्या, त्यांना हात केला.

सोमवार, १२ जानेवारी

गेलं ते. आज जागा कोरी. एका दिवसाचं आयुष्य, तेही पूर्ण नाही.

घरी येताना बसमध्ये डोक्यात आलं आणि मग जाईना. समजा मी कालही कुठे गेले असते. आज येऊन शनिवारचं आणि सोमवारचं चित्र शेजारी ठेवलं असतं, पट्टीनं मोजून मधला रविवार बसवला असता. तर हे टिंब त्यात आलं असतं? नसतंच आलं. ते शनिवारी नव्हतं, सोमवारी नाही. मध्ये काय झालं ते मधे असलेल्यालाच कळतं. माझा प्रकल्प नेमका त्याच बारक्यांचा आहे! आणि मी चौदा डिसेंबरला दोन दिवसांच्या मधून रेघ मारून मोकळी झाले. साडेपाचच्या फोटोवर नाचले. साडेपाचनंतरचा अख्खा दिवस होता की.

आज सुटल्यासारखं वाटत नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. मामांनी डब्यातून तिळाच्या वड्या आणल्या. घरच्या, जाड, दातांची परीक्षा घेणाऱ्या.

“आज चौदा. म्हनून याद आली,” वडी देता देता मामा. “डिसेंबरातल्या चौदाला कडंला काय बारीक दिसलं व्हतं का गं?”

“नाही मामा.”

माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला.

“न्हाई तर न्हाई. घे, गोड बोल.”

वडी हातात धरून बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण पुठ्ठ्यावरची जागा डोळ्यांसमोर आली, तिसऱ्या नावाची. गिळलं. वडीसकट.

गुरुवार, २२ जानेवारी

पोस्टर छापून आलं, शेवटच्या आठवड्याचे आकडे नंतर चिकटवायचे. मध्यभागी तो सुबक सूर्य, ताटाएवढा. सगळे छान छान म्हणतायत. मला ताप आलाय की काय असं वाटतंय. नाही आलेला, मोजला.

मंगळवार, २७ जानेवारी

सांगितलं!

सगळं नीट लिहिते, मला पुढे वाचायला लागेल.

चित्र झालं. मामांनी वही उलटी फिरवली, आतला पुठ्ठा उघडला, खिशातलं शाईचं पेन दिलं. “लिव्ह नाव. शनिवारी समदी गर्दी आसंल, हार-नारळ आसतील, तवा न्हाई जमायचं. आत्ता लिव्ह.”

पेन हातात घेतलं. संपत या अक्षरांखालची जागा अगदी कोरी, पिवळट. टोक टेकवलं आणि हात पुढे जाईना. शाईचा ठिपका पडला तिथे. तो बघून मला रडूच आलं. एकदम, लहान मुलीसारखं, नाकातून पाणी.

“मामा, चौदा डिसेंबरचं मी बघून नाही काढलं.”

मी बोलत गेले — आत्या, वाघ, चप्पल, माकडं, स्वारगेट, शनिवारचं आणि सोमवारचं चित्र, पट्टी, मोबाइलवरचा फोटो, सगळं. मध्ये मध्ये हुंदके. वाघाच्या वेळी मामांची मिशी जरा हलली असं वाटलं.

मग म्हणाले, “झालं?”

“हो.”

“नाक पूस. वहीवर पडंल.”

मी विचारलं पान फाडू का. तेव्हा मात्र चिडले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. “पान फाडायचं न्हाई! ह्या वहीतनं एक पान गेल्यालं न्हाई. आडवी रेघ मार. खाली खरं काय ते लिव्ह.”

रेघ मारली. त्या सुबक सूर्यावरून, या कडेपासून त्या कडेपर्यंत. खाली लिहिलं : ‘हे चित्र पाहून काढलेले नाही. या दिवशी निरीक्षण झाले नाही.’

मामांनी चष्मा वर करून वाचलं. “‘झाले नाही’ न्हवं. ‘मी केले नाही’ असं लिव्ह. दुसऱ्याचं कशापायी सांगतीस?”

खोडून तसं लिहिलं. सही, आजची तारीख.

“आता मॅडमना सांग. नावाचं मग बघू.” पेन परत घेतलं, टोपण लावलं, खिशात. आणि चहा आणायला गेले. येताना दोन कप आणले, माझ्यात साखर जास्त.

वही मिळणार नाही बहुतेक. वाईट वाटतंय, खूप. पण छातीवर जो दगड होता तो नाहीये. बसमध्ये उभ्या उभ्या झोप लागली, कंडक्टरनं उठवलं. दीड महिन्यात इतकं हलकं वाटलं नव्हतं. आधीचं ते सुटणं खोटं होतं, आता कळतंय.

बुधवार, २८ जानेवारी

मॅडम. दार बंद. पंखा बंद. मी उभी.

पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “रीडिंग बसवलंस.”

“हो मॅडम.”

“पहिल्या वर्षाला आम्हीच चालवून घेतो आणि तिसऱ्या वर्षाला आम्हीच नाक मुरडतो. आमचंही कौतुकच आहे.” पेनचं टोपण काढलं. “त्या दिवशी कोरं पान ठेवलं असतंस तर मी काय केलं असतं?”

“रागावला असतात.”

“पाच मिनिटं. मग चहा सांगितला असता. आता ऐक. नव्वद दिवस सलग नाहीत. एक तुकडा त्रेचाळीसचा, दुसरा शेहेचाळीसचा. तक्ते सगळे नव्यानं कर. जे डाग तेराला दिसतात आणि पंधराला नाहीत, ते वगळ. पोस्टर पुन्हा छापायचं, त्या जागी एखादं रिक्षातलं चित्र लाव. प्रकल्प अर्धा लंगडा होईल, तो तसाच मांड. आणि का लंगडा झाला ते पोस्टरवर लिही.”

“पोस्टरवर?”

“मग काय गुपचूप कानात सांगणार आहेस?”

वहीचं विचारायची हिंमत नव्हती. दारापर्यंत गेले तेव्हा त्याच म्हणाल्या, “वही कुणाला द्यायची ते संपतराव ठरवतील. मला आज विचारलं तर मी देणार नाही. शनिवारी विचारलं तर सांगता येत नाही.”

बाहेर आले आणि हसले. का ते माहीत नाही. कोणी बघत नव्हतं.

घरी आईला सांगितलं. तिला वाटलं मी नापास झाले, मग वाटलं मी लग्न करून आले. नुसतं चित्र चुकीचं काढलं म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. मग जरा थांबून, “मीच तं पाठवलं ना तुले त्या वाघापायी. मले नाही समजलं बाप्पा, सूर्य रोजचा वेगळा असते म्हणून.” मग म्हणाली, “पुढच्या रविवारी मीच तुले बसमध्ये बसवून देतो.”

बाबा म्हणाले, “आमच्या कारखान्यात तपासणीचा कागद न पाहता भरला तं दुसऱ्या दिवशी घरी बसवते. तुह्या मॅडम चांगल्या हायेत.”

दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

गुरुवार, २९ जानेवारी

नव्वदावा दिवस. पण नव्वद नाहीत. डाग सहा. वारा फार, चित्र रिक्षातलं.

शनिवार, ३१ जानेवारी

शाल, श्रीफळ, प्राचार्यांचं भाषण. त्यात दोनदा मामांचं नाव चुकलं. मामांना दोन शब्द बोला म्हटलं. ते उठले, टोपी नीट केली, “छत्तीस वरीस वर जाऊ दिलं, लई उपकार,” म्हणाले आणि बसले. दोन शब्दच.

सगळे चहा-वेफर्सकडे वळल्यावर मला खूण केली. वर गेलो. गच्चीवर सावली आली होती. मामांनी किल्ली दिली. वही दिली. भिंगांचा लाकडी डबा दिला, जो आजवर मला हात लावू दिला नव्हता.

मी म्हटलं, “मामा, मी तर चुकवलं.”

“व्हय. चुकवलंस. मॅडमबी तेच म्हनत व्हत्या. मी म्हनलं, आता न्हाई चुकवायची.” मग, “नाव आज लिहू नगंस. उद्या आधी सूर्य काढ. मग नाव.”

जिना उतरताना कठड्याला धरून उतरत होते. खाली त्यांचा मुलगा गाडी घेऊन थांबला होता. मामांनी वळून गच्चीकडे बघितलं नाही. मला वाटलं होतं बघतील.

वही माझ्या उशाशी आहे. विश्वास बसत नाही. आई दोनदा येऊन बघून गेली.

रविवार, १ फेब्रुवारी

सूर्य काढला. डाग पाच. मग भिंग डब्यात ठेवायला गेले. तळाच्या मखमलीखाली घडी घातलेला कागद. आपलंच छापील वर्तुळ. मामांचा हात.

‘रविवार, १४ डिसेंबर. वेळ १.४०. हवा चांगली. सं.’

दोन मोठे गट. तीन सुटे डाग. आणि कडेजवळ एक टिंब, पेन्सिलच्या टोकाएवढं. तेराला नाही, पंधराला नाही. माझ्यात नाही.

मागे लिहिलंय : ‘कात्रजला तुला पाव्हण्यांबरोबर बघितली. म्हणून गाडी काढून वर गेलो. आता चिकटव.’

डिंक आणायला खाली जाते.